गुणाचं बाळ

बुचाची फुलं पडायला लागली की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. परवा क्लासच्या मुलींनी ओंजळभर फुलं आणून माझ्या टेबलावर ओतली. सहामाही परीक्षा तोंडावर आलेली, त्रिकोणमिती अजून कच्ची, आणि या बयांनी येताना रस्त्यात बसून फुलं वेचली होती. एकीने तर त्यांच्या लांब देठांची बिनदोऱ्याची वेणी गुंफून केसांत माळलीसुद्धा होती. एरवी मी चांगलं फैलावर घेतलं असतं. पण तो वास नाकात गेला आणि मी फळ्याकडे तोंड करून नुसती उभी राहिले.

"मॅम, बरं वाटत नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय? साइन साठ किती ते सांग."

तिला सांगता आलं नाही. मलाही त्या क्षणी आठवलं नसतं.

हा वास माझ्यासाठी एका हॉस्पिटलच्या फाटकाचा आहे. स्वारगेटच्या मागच्या अंगाला ते हॉस्पिटल होतं आणि फाटकाशी बुचाचं एक उंच झाड होतं. कोथरूडहून सकाळी दुचाकीने जायचे, तेव्हा गाडी लावायच्या जागेवर फुलांचा पांढरा सडा असायचा. वॉचमन खराट्याने तो झाडून कडेला ढीग करायचा. ऑक्टोबरचं ऊन नऊ वाजताच चटके द्यायला लागायचं. त्या ढिगाचा वास, पेट्रोलचा वास आणि आत गेल्यावर हाताला चोळायच्या त्या गार द्रवाचा वास, असे तिन्ही एकत्र माझ्या डोक्यात बसलेत. त्याला आता पाच वर्षं होतील. तरी दर वर्षी फुलं पडली की मला नव्याने धक्का बसतो, काल घडल्यासारखा.

माझी धाकटी बहीण केतकी त्या वर्षी सातव्या महिन्यात बाळंत झाली. डोहाळजेवण पुढच्या रविवारी होतं. हिरवी साडी इस्त्री करून कपाटात टांगलेली, फुलांच्या दागिन्यांची ऑर्डर दिलेली, आणि तिला अचानक घाम फुटला, पोटात कळा सुरू झाल्या. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे आईचं सगळं मीच करायचं असं न बोलता ठरलेलं. शेजारपाजारच्या बायका जिन्यात धीर देत होत्या, "सातमाशी जगतं गं, अठमाशी जगत नाही." मी गणित शिकवते. सात महिन्यांचं जगतं आणि आठ महिन्यांचं जगत नाही हे कुठल्या हिशोबात बसतं, असं विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. विचारलं नाही. त्या दिवशी मलाही तेच खरं हवं होतं.

बाळ पाहिलं आणि मी हादरले. दुसरा शब्द नाही. आपण बाळ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे गाल येतात, वळ्या येतात. काचेच्या पेटीत होतं ते तांबूस, ओलसर, माझ्या हाताच्या पंजाहून थोडं मोठं. कातडीखालच्या शिरा दिसत होत्या. पाचवीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहून जाते म्हणतात. या कपाळावर टेप होती, नळी होती, डोक्यावरून टोपी ओढलेली होती. तिला लिहायला जागा कुठे मिळणार, हा वेडगळ विचार माझ्यासारख्या बाईच्या मनात आला आणि मला तिथेच रडू फुटलं.

त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर बोलावलं. मी होते, केतकीचा नवरा निखिल होता आणि आमचे वडील, बापू होते. बाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं झालेलं, पण बोलणं स्वच्छ. "बाळाचा रक्तदाब टिकत नाहीये. बीपीचं औषध सुरू केलंय, पंपावर."

बापूंचा हात नकळत शर्टाच्या खिशाकडे गेला. तिथे त्यांची स्वतःची बीपीची गोळी असते. "अहो, तिला कसलं बीपी? तिला अजून सासर नाही, पेन्शन नाही."

"आजोबा, तुमचं वर जातं. तिचं खाली जातंय. वर आणलं नाही तर मेंदूला, किडनीला रक्त पोचणार नाही."

बापूंनी हात खिशावरून खाली घेतला. एका नखाएवढ्या काळजाला आपलं रक्त ढकलता येत नाही, ही गोष्टच आम्हाला नवी होती. मी पुन्हा आत गेले तेव्हा पंपावरच्या सिरिंजची चिठ्ठी वाचली. डोपामिन. माझ्या नववीच्या पोरांना हा शब्द पाठ आहे. रील बघताना मेंदूत डोपामिन येतं, म्हणून मोबाइल सुटत नाही, असं ते मला ऐकवत असतात. आणि इथे तेच नाव लावून एक पंप थेंबाचाही थेंब करून एका जिवाला धरून ठेवत होता. पडद्यावरचा आकडा वर सरकला की माझा श्वास खाली यायचा.

त्याच दिवसांत तिच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे काही थेंब एका जाड कागदावर घेतले गेले. सगळ्याच नवजात बाळांची ही तपासणी करतात, असं सिस्टर म्हणाल्या. थायरॉइड आणि आणखी काही गोष्टी कळतात त्यातून. आम्ही हो म्हटलं. तेव्हा आम्ही कशालाही हो म्हणत होतो.

मग पंप बंद झाला. बाळ स्वतःच्या जिवावर रक्तदाब सांभाळू लागलं. आणि त्याच सुमाराला तो कागदावरच्या थेंबांचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाल्या, "थायरॉइड नॉर्मल आलंय. पण हे रक्त बीपीचं औषध चालू असताना घेतलेलं आहे, त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा एकदा बघू."

आता गंमत बघा. आम्ही तीन शिकलेली माणसं तिथे उभी होतो. तिघांनी मिळून त्या बोलण्याचा पहिला भाग घरी आणला आणि उरलेला तिथेच ठेवून आलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी तरी 'नॉर्मल' म्हटलं होतं. त्या शब्दानंतर कान बंदच झाले.

बापूंनी तोवर कुणाला गोड दिलं नव्हतं. वेळेआधी झालेल्या बाळाचं अभिनंदन करावं की काय करावं हे लोकांनाही कळत नव्हतं. जिन्यात भेटले की "कसं आहे?" एवढंच खालच्या आवाजात विचारायचे, आजारी माणसाबद्दल विचारतात तसं. "एक तरी चांगला रिपोर्ट येऊ दे, मग बर्फी," असं बापूंनी ठरवलं होतं. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, हा आमच्याकडचा रिवाज. त्या संध्याकाळी ते कसब्यातल्या त्यांच्या जुन्या ओळखीच्या हलवायाकडे गेले, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या सोसायटीत फिरून प्रत्येक दारात म्हणाले, "नात झाली. सगळं नॉर्मल आहे."

प्रत्येक दारात बेल त्यांनी एकदाच वाजवली. हे सांगायला हवं, कारण आमच्या बापूंना आवाजाचं वावडं आहे. आमच्या दारावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात पाटी आहे: 'बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही.' दुपारी एक ते चार त्यांच्या झोपेच्या वेळेत मी क्लास ठेवत नाही. आम्ही दोघी बहिणी हळू बोलत, दार न आपटता, भांडं न वाजवता वाढलो, आणि त्याचं आम्हाला कौतुकही होतं. पाहुणे म्हणायचे, "मुली किती शांत आहेत हो!" आई मान डोलवायची. आमच्या घरात मुलाला देता येईल असं ते सगळ्यात मोठं बक्षीस होतं. मीसुद्धा क्लासमध्ये गप्प बसणाऱ्या पोराला पुढच्या बाकावर बसवते.

म्हणून पुढे जे झालं ते आमच्याच घरात होऊ शकत होतं.

बाळ पेटीतून बाहेर यायला लागलं. केतकी त्याला दिवसातले काही तास उघड्या छातीशी बांधून बसायची, कांगारू जसं पिल्लू पोटाशी धरतं तसं. ती दमली की सिस्टर मला बसवायच्या. बटणं सोडून, खुर्चीत मागे रेलून, त्या इवल्या डोक्यावर हनुवटी टेकवून मी बसायचे. आजूबाजूची बाळं टाहो फोडायची. शेजारचं एक तर सुई दिसायच्या आधीच बोंबलायचं. आमचं पडून असायचं. नळीने दूध दिलं तरी झोपलेलं, लंगोट बदलला तरी झोपलेलं. टाचेला टोचलं तर जेमतेम तोंड वाकडं करायचं आणि घोगरा असा एक सूर काढून पुन्हा गप्प.

"किती गुणाचं बाळ आहे!" सिस्टर म्हणायच्या. त्या प्रेमानेच म्हणायच्या.

"आपल्या घरातलं आहे," बापू म्हणायचे. त्यांना आठवड्यातून एकदा काचेतून बघायची परवानगी होती, आणि ते प्रत्येक वेळी बघून ताठ मानेने बाहेर यायचे. नावही त्यांनी शोधून ठेवलं: सौम्या. निखिलला आवडलं, मला आवडलं. केतकीला विचारायचं राहून गेलं. बाळंतपणापासून ती फारसं बोलतच नव्हती.

बाळाचे पाय गार असायचे. मी माझ्या तळहातात धरून बसायचे आणि वाटायचं, एसी जास्त आहे. अंगावरची पिवळी झाक जायला उशीर लागत होता, वाटायचं, सातमाशी आहे, लागणारच. पोट फुगलेलं असायचं. दूध पचायला वेळ घेत होती. या प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे एक समजूतदार उत्तर होतं, आणि सगळ्यांच्या मुळाशी तो 'नॉर्मल' रिपोर्ट होता. तेवढा भक्कम असल्यावर आम्ही कशाला घाबरू?

दिवाळी जवळ आली. हॉस्पिटलच्या पायरीवर कुणी तरी आकाशकंदील लावला होता. डॉक्टर म्हणाल्या, "आता थायरॉइड परत करायचंय. या वेळी शिरेतून रक्त घेऊ."

बापू बाहेरच होते. "अहो डॉक्टर, एकदा चांगलं आलंय ना? सणासुदीला लेकराला कशाला टोचताय? पाडवा होऊ दे."

डॉक्टर काही बोलायच्या आत केतकी म्हणाली, "बापू, तिला दिवाळी कळत नाही. आजच घ्या."

तिने एवढं मोठं वाक्य किती तरी दिवसांनी उच्चारलं होतं. मी तिच्याकडे बघतच राहिले. तिला काही जाणवलं होतं का, असं मी पुढे तिला विचारलं. ती म्हणाली, "नाही गं. फक्त मला तिचा आवाज ऐकायचा होता. टोचल्यावर तरी."

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बसायला सांगितलं. 

"बाळाची थायरॉइडची ग्रंथी नीट काम करत नाहीये," त्या म्हणाल्या. "बहुधा जन्मापासूनच."

"पण नॉर्मल होतं," मी म्हटलं. "बर्फी वाटली आम्ही." हे मी खरंच म्हटलं. 

त्या हसल्या नाहीत. "ताई, मेंदूच्या तळाशी एक छोटी ग्रंथी असते. गळ्यातलं थायरॉइड कमी पडलं की ही वरची ग्रंथी त्याला हाका मारते, काम कर, काम कर म्हणून. आपल्या तपासणीत आपण त्या हाकाच मोजतो. जितक्या मोठ्या हाका, तितकी थायरॉइडची अडचण. पण बीपीसाठी जे औषध चालू होतं, ते त्या वरच्या ग्रंथीलाही गप्प बसवतं. आणखीही काही हार्मोन्स त्याने खाली जातात. औषध बंद झालं की बहुतेक बाळांत सगळं पूर्वपदावर येतं, काहीच निघत नाही. हिच्या बाबतीत पंप बंद झाल्यावर ती ग्रंथी जागी झाली आणि तेव्हापासून ओरडतेय."

खोलीत पंखा फिरत होता. बापूंनी चष्मा काढून हातात घेतला होता. "म्हणजे ज्या औषधाने वाचवलं..." ते थांबले. "ते औषध चांगलं की वाईट, ते मला एकदा सांगा."

"चांगलंच, आजोबा. ते दिलं नसतं तर आज तपासायला ती नसती. त्याने आजार दिला नाही. आजार आधीपासून होता. औषधामुळे तो काही दिवस दिसला नाही, इतकंच. म्हणून तर पुन्हा केलं."

"आणि राहिलं असतं तर?" निखिलने विचारलं.

"मेंदूची वाढ या दिवसांत थायरॉइडवर अवलंबून असते. राहिलं असतं तर ती मागे पडली असती, आणि पुढे औषध देऊनही ते पूर्ण भरून आलं नसतं. आज सुरू करू. अजून वेळ आहे."

"पूर्ण बरी होईल?"

"मला आशा आहे. खात्री तीच देईल, मोठी होताना."

मी गणिताची बाई. उत्तरपत्रिका तपासण्यात आयुष्य गेलं. उत्तर बरोबर असतं किंवा चूक असतं, यावर माझी सगळी इमारत उभी. आणि इथे एक आकडा होता, मशीनने नीट मोजलेला, कुणीही चुकवलेला नाही, छापलेला, शिक्का मारलेला. तो खरा होता आणि तरीही त्यावर विसंबलो असतो तर एक मूल हातचं गेलं असतं. मला तो धक्का अजून पचलेला नाही.

पण खरा धक्का तो नव्हे. आम्ही खोलीबाहेर आलो, बाकावर बसलो. केतकी समोरच्या भिंतीकडे बघत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, ती गुणाची नव्हती. तिला रडताच येत नव्हतं."

बापू उठले आणि जिन्याने खाली गेले. मी खिडकीतून पाहिलं. ते बुचाच्या झाडाखाली उभे होते, फुलं त्यांच्या पायाशी आणि खांद्यावर पडत होती आणि ते झटकत नव्हते. त्यानंतर सौम्या हे नाव त्यांनी कधी काढलं नाही. आम्हीही काढलं नाही.

औषध म्हणजे एक इवलीशी गोळी. तिचा तुकडा करायचा, चमच्यात दुधाच्या थेंबात विरघळवायचा आणि सकाळी पाजायचा. एवढंच. इतक्या पंपांनंतर, नळ्यांनंतर, ज्याच्यावर तिचं सगळं डोकं उभं राहणार ते औषध चमच्याच्या टोकावर मावत होतं. पहिल्या दिवशी सिस्टरने ते पाजलं तेव्हा आम्ही असे बघत होतो जणू ती तिथल्या तिथे उठून पाढे म्हणणार आहे. ती झोपली.

दिवाळी आली आणि गेली. आमच्या घरी त्या वर्षी चकल्या झाल्या नाहीत. मी रोज तिचे पाय हातात धरायचे. एके सकाळी ते कोमट लागले. मला वाटलं माझेच हात गरम आहेत, म्हणून मी गालाला लावून पाहिले. मग काही दिवसांनी मी छातीशी घेऊन बसले असताना सिस्टर तिच्या नाकातल्या नळीची टेप बदलायला आल्या. त्यांनी टेप ओढली, आणि तिने तोंड उघडून असा टाहो फोडला की शेजारचं ते बोंबलणारं बाळ दचकून गप्प झालं. सगळ्या खोलीने वळून पाहिलं. मी तिला गप्प करायला हवं होतं. थोपटायला हवं होतं. मी तशीच बसून राहिले आणि सिस्टरना म्हटलं, "थांबा. रडू दे थोडा वेळ." त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. केतकी दारातून धावत आली, अर्धा गाऊन अंगात, आणि कुणाचं बाळ रडतंय ते बघून मटकन खाली बसली.

बारसं उशिरा झालं. नाव बापूंनीच सुचवलं: गार्गी. भर सभेत प्रश्न विचारणारी. "हिने गप्प बसू नये," एवढंच कारण त्यांनी दिलं.

पुढची वर्षं आम्ही परीक्षेला बसल्यासारखी काढली. मान धरली का, पालथी पडली का, 'आई' म्हणाली का.  सातमाशी म्हणून थोडा उशीर धरायचा आणि त्यापलीकडे गेलं की रात्रभर जागायचं. ती उशिरा चालली. बोलायला लागली ती मात्र आजतागायत थांबलेली नाही. यंदा ती बालवाडीच्या मोठ्या गटात आहे. बाईंचा निरोप आला होता, मुलगी हुशार आहे, पण वर्गात फार बोलते, घरी समजवा. केतकीने तो मला वाचून दाखवला आणि आम्ही दोघी हसून हसून रडलो. समजावलं कुणीच नाही.

गोळी अजून चालू आहे, चालूच राहील. सकाळी ती स्वतः चमचा पुढे करते आणि "मी बहादूर" असं ओरडून गिळते, म्हणजे खालच्या मजल्यावरही कळतं. दर काही महिन्यांनी रक्त तपासतात. रिपोर्टवर 'नॉर्मल' दिसलं की आम्ही तिघं एकमेकांकडे बघतो आणि बर्फीचं नाव कुणी काढत नाही. मग बापू हळूच विचारतात, "पुढचं कधी करायचंय?"

कालच्या शनिवारी केतकी तिला माझ्याकडे सोडून गेली. मुलींनी आणलेली बुचाची फुलं टेबलावर सुकत होती. तिने त्यातलं एक उचललं, पिपाणीसारखं तोंडाला लावून फुंकलं, वाजेना म्हणून स्वतःच तोंडाने पिपाणीचा आवाज काढून दाखवला. दुपारी जेवण झाल्यावर, एक वाजून गेल्यावर, बोलता बोलताच ती गादीवर आडवी झाली आणि झोपली.

घर शांत झालं. बापूंना हवं तसं. दारावर पाटी, पडदे ओढलेले, पंखा मंद. मी वह्या तपासत होते. बापू आतल्या खोलीत कुशीवरून कुशीवर वळत होते, पलंग करकरत होता. थोड्या वेळाने ते उठून बाहेर आले, अनवाणी, माझ्याकडे न बघता. गादीशी वाकले आणि तिचा पाय हातात धरला. गरम असणारच. ऑक्टोबर आहे, पोर उन्हात खेळून आलेलं. तरी धरून राहिले, चांगला दाबून. ती दचकून जागी झाली आणि तिने जो भोंगा काढला तो तिसऱ्या मजल्यावर पोचला असेल.

"बापू, अहो काय हे! आत्ता कुठे झोपली होती!"

"रडतेय," बापू म्हणाले. खोलीत गेले, भिंतीकडे तोंड केलं आणि तिच्या त्या आरडाओरड्यात शांत झोपून गेले.